खात्री : एकशे एक

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळी नऊला होतं आणि सव्वानऊला माझी कंपनी बंद पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी आधी इंटरनेटवाल्यांना फोन करून झाडलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. डॉक्टर जे गिचमिड लिहितात ते वाचायचं. मेडिकलवाला चिठ्ठीचा फोटो काढून आमच्याकडे पाठवतो आणि अर्ध्या मिनिटात त्याच्याकडच्या छोट्या मशीनमधून लेबल बाहेर येतं. औषधाचं नाव, किती घ्यायचं, कधी घ्यायचं. अकरा दुकानं, दिवसाला तीनशेच्या आसपास चिठ्ठ्या. कंपनी म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी प्रोग्राम लिहितो आणि बायको दुकानांचे फोन घेते. मागच्या खोलीत आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत बसलेली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एवढी रांग संपू दे, मग बघू." निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरी बसली आणि शेजारपाजारच्यांच्या गोळ्या तपासून तपासून तिनं सगळ्यांना वैताग आणला. मी कंपनी काढली तेव्हा तिला म्हटलं, महिनाभर ये, मशीन कुठे चुकतंय का बघ. महिना संपला, ती काही गेली नाही. मीही जा म्हटलं नाही. बिचारीचा वेळ जातो, असं मी बायकोजवळ बोललो होतो. "बिचारी" हा शब्द माझाच, बायको तो अजून विसरलेली नाही.

मशीन अर्थात माझं. चिठ्ठीचा फोटो आला की आधी तो स्वच्छ करायचा, कागदावरचे डाग, शाईचे ठिपके, घड्यांच्या रेघा सगळं पुसून टाकायचं आणि मग अक्षर वाचायचं. ती डाग पुसणारी पायरी ही माझी खास करामत. तिच्यावर मी चार महिने घालवले होते आणि कुणी कौतुकानं विचारलं की मी तिच्यावर अर्धा तास बोलायचो. वाचून झालं की मशीन स्वतःच्या खात्रीचा आकडा सांगतं, शंभरपैकी किती. ऐंशीच्या खालच्या चिठ्ठ्या आत्याच्या पडद्यावर जायच्या, वरच्या थेट दुकानात. निदान मी तसं ठरवलं होतं. माझ्या हिशेबानं तिच्याकडे दिवसाला दहाबारा चिठ्ठ्या जात असणार.

आमचं बरोबर वाचण्याचं प्रमाण होतं शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक आठ. ते मी मोठ्या अक्षरात छापून, चौकटीत घालून, दारासमोरच्या भिंतीवर लावलं होतं. कॉलर ताठ करून फिरत होतो.

एकच खोट होती. दुपारी एक ते दीड मशीन हमखास मंदावायचं. अर्ध्या मिनिटाच्या जागी दहा दहा मिनिटं लागायची. मी त्यापायी काय नाही केलं! मोठा सर्व्हर घेतला. इंटरनेट कंपनी दोनदा बदलली. एक लांबलचक लेख लिहिला, 'दुपारच्या वेळी जाळ्यावर येणारा ताण' या विषयावर. दीड वाजता आत्या डबा धुऊन, हात पुसत बाहेर यायची आणि विचारायची, "झालं का रे बरं तुझं मशीन?" मी पडद्याकडे बघून म्हणायचो, "आत्ताच झालं बघ!" आज हे लिहिताना कानशिलं तापतात.

तिला मोतीबिंदू झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्याला चौदा महिने झाले होते. ऑपरेशन अर्ध्या तासाचं, पण ती आज नको, पुढच्या महिन्यात बघू, असं करत राहिली. ती ऑपरेशनला घाबरते, असा आम्ही घरच्यांनी अर्थ लावला. चौतीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई सुईला घाबरते म्हणून मी तिची टिंगलही केली. शेवटी डॉक्टरांनी दम भरला तेव्हा तारीख ठरली. आदल्या दिवशी निघताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

"उद्या माझ्या खुर्चीवर तू बस हं. सकाळपासून."

"हो गं, दहाबारा तर असतात. दुपारी बघून टाकेन."

ती काहीतरी बोलणार होती. पण मी मान खाली घालून परवाच्या बैठकीची तयारी करत होतो. सव्वीस दवाखान्यांच्या एका मोठ्या साखळीनं आमचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. करारावर सह्या गुरुवारी सकाळी अकराला. त्यातली एक अट मीच मोठ्या दिमाखात सुचवली होती, की चिठ्ठी माणसाचा हात न लागता वाचली जाईल. ही बैठक माझ्या तीन वर्षांच्या उरस्फोडीचं फळ होती.

तर बुधवारी सकाळी बायको आत्याला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली आणि सव्वानऊला एकामागून एक अकरा दुकानांचे फोन सुरू झाले. लेबल येत नाही. गिऱ्हाईक उभं आहे. मी सर्व्हर बघितला, ठणठणीत. इंटरनेट बघितलं, झकास. हात टेकले आणि म्हटलं, आत्याच्या पडद्यावर काही निरोप आला आहे का बघू.

त्या खोलीत मी किती दिवसांनी शिरलो होतो कुणास ठाऊक. खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी. पडद्याला घड्याळजी वापरतात तसलं मोठं भिंग तारेनं बांधलेलं. पडद्यावरची अक्षरं इतकी मोठी केलेली की एका वेळी चारच ओळी मावाव्यात. बाजूला एक जाड वही, तिच्यात डॉक्टरांच्या अक्षरांचे नमुने चिकटवलेले आणि शेजारी आत्याच्या टिपा. 'हाडांचे डॉक्टर. यांचा एक आणि सात सारखाच. वय बघून ठरवणे.' 'कानवाल्या बाई. सोमवारी घाईत असतात, शेवटचं अक्षर खातात.' आणि पडद्याच्या डोक्यावर लिहिलेलं होतं, प्रतीक्षेत चिठ्ठ्या सत्तेचाळीस.

मी बघत असतानाच अठ्ठेचाळीस झाल्या.

सकाळपासून आलेल्या चिठ्ठ्याही अठ्ठेचाळीसच होत्या. म्हणजे एकूणएक चिठ्ठी इथे येऊन थांबली होती. मला वाटलं काहीतरी बिघाड झालाय. मी खात्रीच्या आकड्याचा खाना उघडला. ऐंशी असायला हवं होतं. तिथे होतं एकशे एक.

शंभरपैकी एकशे एक खात्री कुठल्या मशीनला कधी होणार? म्हणजे आलेली प्रत्येक चिठ्ठी आत्यापुढेच जाणार. शेजारी तो आकडा शेवटचा कधी बदलला त्याची तारीख होती. तीन वर्षांपूर्वीची. कंपनी सुरू झाल्याचा दुसरा दिवस. खान्यात शंभराच्या वरचा आकडा जाऊ नये एवढी साधी अटसुद्धा मी घातलेली नव्हती, जी शिकाऊ पोरंही पहिल्या आठवड्यात घालायला शिकतात.

मी त्या सतरंजीवर बसलो आणि बायकोला फोन लावला.

"आत्याला आत नेलंय. काय झालं?"

"आत्या रोज सगळ्या चिठ्ठ्या बघते?"

"हो."

"सगळ्या? तीनशेच्या तीनशे?"

"अरे, मग ती सकाळी नऊ ते रात्री आठ आत बसून काय करते असं तुला वाटत होतं?"

"तुला माहीत होतं?"

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं तुमचं दोघांचं तसं ठरलंय."

मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. ते आमचं पहिलं गिऱ्हाईक. दुकानदार साठीचा, तोंडानं फटकळ पण मनाचा चांगला. तिथे रांग लागली होती आणि तो चिठ्ठी डोळ्यांशी धरून पूर्वीसारखा स्वतःच वाचत होता. मी त्याला बाजूला घेऊन माफी मागितली, म्हटलं, मशीनमध्ये जरा अडचण आहे.

"आत्याबाईंचं ऑपरेशन झालं का?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांनीच काल लेबलाखाली लिहून पाठवलं होतं. उद्या मी नाही, जपून वाचा, शंका आली तर डॉक्टरांना फोन करा."

"लेबलाखाली?"

"सूचनांच्या जागी. रोज काही ना काही असतंच की. या आजोबांना दुसऱ्या डॉक्टरांचीही गोळी चालू आहे, विचारून घ्या. या बाईंना बाटलीचं झाकण उघडत नाही, उघडून द्या. माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी तर दर सोमवारी." तो माझ्याकडे जरा दयेनं बघायला लागला. "साहेब, मशीन गुडघ्याची चौकशी करतं असं वाटलं का तुम्हाला?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"त्यात बोलायचं काय? आम्हाला वाटलं, मशीन म्हणायची धंद्यात पद्धत असेल."

म्हणजे अकरा दुकानांना माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं, आणि दुनियेत ज्या एकाच माणसाला पत्ता नव्हता त्यानं भिंतीवर नव्व्याण्णव पूर्णांक आठ लावलं होतं. तो आकडा मी काढला होता दुकानात गेलेल्या लेबलांवरून. आत्यानं दुरुस्त केलेल्या लेबलांवरून! परीक्षेचा पेपर बाईंनी लिहायचा आणि मार्क पोरानं मिरवायचे, तसलाच प्रकार. आणि तो पोर शेहेचाळीस वर्षांचा.

परत येऊन मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मशीननं स्वतः वाचलेलं आणि आत्यानं शेवटी पाठवलेलं शेजारी शेजारी ठेवून गेल्या वर्षभराच्या चिठ्ठ्या ताडून बघितल्या. शंभरात एकाहत्तर. माझ्या मशीनच्या हाती दिल्या असत्या तर रोज ऐंशी-नव्वद माणसं चुकीचं लेबल घेऊन घरी गेली असती. तोंडाला कोरड पडली. पाण्याची बाटली हातात होती, तिचं झाकण काही मला उघडेना.

आता एक गोष्ट कबूल करतो. त्यानंतर माझ्या मनात काय आलं असेल? गप्प बसावं. उद्या सह्या होऊन जाऊ देत. सव्वीस दवाखाने सुरू व्हायला सहा महिने लागणार, तोवर मशीन सुधारू. आणि आत्या आहेच. हे सगळं मी त्याच खुर्चीवर, तिच्याच सतरंजीवर बसून ठरवलं. चांगला अर्धा तास मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

कुठल्या चुका आधी सुधाराव्यात हे बघायला मी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्यांची यादी लावली. ज्या चिठ्ठ्यांवर मशीनची खात्री सगळ्यात जास्त आणि तरीही वाचन चुकलेलं, त्या वर. सगळ्यात जुनी सगळ्यात आधी. पहिल्याच ओळीवर मी थांबलो.

कंपनीचा पहिला दिवस. पेशंटच्या नावापुढे माझं आडनाव. वय आठ महिने.

ती माझ्या मुलीची चिठ्ठी होती. त्या दिवशी तिला उलट्या होत होत्या, बायको तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती आणि औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, टिंब पाच मिलीलीटर. म्हणजे अर्धा मिलीलीटर. आधी शून्य नाही, नुसतं एक बारीक टिंब आणि पाच. माझ्या त्या डाग पुसणाऱ्या पायरीनं ते टिंब डाग समजून पुसून टाकलं होतं. मशीननं वाचलं होतं पाच मिलीलीटर. दहापट. त्याच्यापुढे लिहिलं होतं, खात्री शंभर.

पहिला दिवस म्हणून तेव्हा सगळ्याच चिठ्ठ्या आत्याकडे जात होत्या. आणि त्याखाली, एका मिनिटानंतरची नोंद, आत्याच्या नावानं. अर्धा मिलीलीटर.

एकशे एक का, ते मला आता कळलं. तिनं शंभर लिहिले असते तर ही चिठ्ठी सुटली असती.

मी तडक घरी गेलो. मुलगी शाळेतून आली होती आणि जमिनीवर बसून आत्याच्या डोळ्यावर लावायच्या पट्टीसारखी पट्टी तिच्या बाहुलीला लावत होती. मी तिला उचलून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, दुखतंय, सोडा." आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती, एका डोळ्यावर प्लास्टिकची टोपी, दुसरा मिटलेला.

"किती अडकल्यात?" तिनं पाऊल ओळखून विचारलं.

"सगळ्या. दुकानदार स्वतः वाचतायत."

"डॉक्टर म्हणे आठ दिवस पडदा बघायचा नाही. मी म्हटलं, एका डोळ्यानं बघितलं तर?"

मी पलंगाच्या कडेला बसलो. कसं विचारायचं ते सुचेना, आणि जेव्हा तोंड उघडलं तेव्हा राग बाहेर पडला. लाज वाटली की मला आधी राग येतो, पहिल्यापासून.

"तू मला सांगितलं का नाहीस? पहिल्याच दिवशी! ते टिंब पुसलं जातंय हे कळलं असतं तर तासाभरात दुरुस्त केलं असतं मी."

"टिंब केलं असतंस." ती शांतपणे म्हणाली. "आणि हाडांच्या डॉक्टरांचा सात? दिवसाला तीनशे चिठ्ठ्या रे. दुसऱ्या दिवशी तू आलास आणि म्हणालास, आत्या, आता आकडा ऐंशी कर, मशीन शिकलंय. मी खात्री शंभरवाली चूक बघून बसले होते. म्हटलं, हा सांगून ऐकायचा नाही, आपणच बघावं."

"पण तीन वर्षं!"

"तू दर वेळी काय विचारलंस? सगळं ठीक ना? मी म्हणत होते ठीक. ठीकच होतं की. मी बघत होते ना." तिनं पाठीची उशी सारखी केली. "आणि खरं सांगू? घरी बसले होते त्या दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुला सांगितलं असतं आणि तू मशीन खरंच सुधारलं असतंस, तर मी परत घरी."

मी म्हटलं, "निदान पोरीचं तरी सांगायचंस. आत्या, ते औषध तिनं घेतलं असतं तर..."

"ते बोलू नकोस."

"सांगायचंस तरी."

तिनं चाचपडत माझा हात शोधला. तिचा हात गार होता.

"आले होते सांगायला. त्याच संध्याकाळी. तुला आठवत नसेल. मी दारातून आत आले तेव्हा तू पोरीला मांडीवर घेऊन औषध पाजत होतास. मला बघून बाटली वर केलीस, लेबल दाखवलंस आणि म्हणालास, आत्या, हे बघ, माझ्या मशीननं वाचलेलं पहिलं औषध."

मला आठवलं. सगळं आठवलं. तिनं बाटली हातात घेऊन दिव्याखाली धरली होती, लेबल पुन्हा एकदा वाचलं होतं आणि म्हणाली होती, "छान वाचलंय." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. माझ्या मुलीला त्याचं फार आश्चर्य वाटलं आणि तिनं बाहुलीची पट्टी काढून माझ्या डोळ्यावर लावली.

गुरुवारी अकरा वाजता मी त्या दवाखान्यांच्या साखळीच्या कचेरीत गेलो. लांबच लांब टेबल, पाण्याचे ग्लास, सह्यांचे कागद नीट मांडलेले. मी त्यांच्यावर एकच कागद ठेवला. वर चिठ्ठीचा फोटो, मधे माझ्या मशीनचं वाचन आणि खात्रीचा आकडा, खाली दुरुस्ती. त्यांच्या मुख्य साहेबांनी चष्मा लावून तो वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

"हे आठ महिन्यांचं बाळ..."

"माझं आहे. आता पावणेचार वर्षांचं आहे."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"बरोबर कुणी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आत्यानं. हे एकच नाही, तीन वर्षांतलं सगळं तिनंच वाचलंय."

"त्या आज आल्या नाहीत?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आठ दिवस तिला वाचायचं नाही."

"मग आठ दिवस तुमचं मशीन काय करणार?"

"बंद आहे," मी म्हटलं, आणि सह्यांचे कागद त्यांच्याकडे परत सरकवले.